घरपट्टी बंद करण्याचा ठराव करताय? आधी घराच्या आकारणीचा उतारा (नमुना ८) काढा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि वाटलं, हे तर आमच्याच पाड्याचं लिहिलंय. तुम्ही लिहिता, पाडा पेसाखाली (आदिवासी म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) स्वतंत्र गाव म्हणून घोषित झाला, गट ग्रामपंचायतीने नव्या आकारणीत घरपट्टी जवळजवळ दुप्पट केली, आणि आता पोरं म्हणतायत की ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’, तेव्हा ग्रामसभेत ठराव घेऊन घरपट्टी बंद करू आणि आपलाच कर बसवू. शिवाय ओढ्यापलीकडच्या रिसॉर्टचं काय करायचं हा दुसरा प्रश्न. पेसा काय, अनुसूचित क्षेत्र काय, हे तुम्हाला माहीत दिसतंय, त्यामुळे सरळ मुद्द्यावर येतो. मी वकील नाही. कलमांचे आकडे देतोय ते एकदा जाणकाराकडून तपासून घ्या.

ठराव करू नका. निदान तसल्या शब्दांत तरी नकोच.

कारण साधं आहे. कर बसवायचा अधिकार राज्यघटनेच्या कलम २४३-एच खाली विधिमंडळ पंचायतीला देतं, आणि आपल्याकडे तो ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ ने ग्रामपंचायतीला दिलाय. पेसा १९९६ चा आणि आपले नियम २०१४ चे. त्यांत ग्रामसभेला पुष्कळ काही मिळालंय, पण घरपट्टी बसवायची किंवा रद्द करायची सत्ता मला तरी त्यात सापडलेली नाही. पोरं गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचा दाखला देतात, सगळेच देतात. पण त्या गावाची ताकद आली ती २००९ मध्ये मिळालेल्या सामूहिक वनहक्कातून, बांबूतून. पुढे त्यांनी जमिनी ग्रामसभेच्या नावे केल्या त्याही १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली. घरपट्टी बंद करून ते तिथे पोचले नाहीत. ग्रामसभा कोषासाठी पैसे जमवायचे असतील तर खुशाल जमवा, पण कागदावर ‘वर्गणी’ लिहा. ‘कर’ हा शब्द दिसला की समोरच्याला आयतं हत्यार मिळतं.

आता आमचं काय झालं ते सांगतो, कारण खरा फटका तिथे बसला. आकारणी एका खासगी एजन्सीच्या पोरांनी केली होती. भिंती कुडाच्या, शेणाने सारवलेल्या. पण वर कौलं दिसली म्हणून घर पक्कं धरलं. गोठा वेगळी इमारत म्हणून लावला. एका म्हातारीच्या पडवीत सरपण रचलेलं होतं, तीही मोजली. २०१५ अखेरच्या दुरुस्तीपासून आकारणी भांडवली मूल्यावर होते: जमिनीचा दर, बांधकामाचा दर, घसारा, वापराचा भारांक (निवासी की व्यापारी, त्यानुसार बदलणारा गुणक). म्हणजे घराच्या प्रकाराचा रकाना चुकला की पुढचं सगळं गणित चुकतं. मातीच्या घराला दर सगळ्यांत कमी, आरसीसीला सगळ्यांत जास्त. भरीला बिलात दिवाबत्ती कर, आणि पाड्यावर तेव्हा दिव्याचा एक खांब नव्हता.

लोक चिडले ते रास्तच होतं. कलम १२४ खालीच पंचायत समितीकडे अपील करता येतं, पुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. अपील लिहिलं, अंगठे-सह्या घेतल्या, घरांचे फोटो जोडले आणि कार्यालयात नेऊन दिलं. कोणतं कार्यालय ते विचारू नका, नाव घेत नाही. टेबलावरच्या माणसाने कागद ठेवून घेतला आणि पोच मागितली तर म्हणाला, ‘साहेब बाहेर आहेत, शिक्का आतल्या खोलीत आहे, नंतर या.’ नंतर गेलं की आवक लिपिक रजेवर. मग ‘तुमचं चाललंय वर, बोलावणं येईल.’ बोलावणं काही आलं नाही. पाड्याने इकडे अपिलाचा निकाल लागेपर्यंत पैसे भरायचे नाहीत असं ठरवून टाकलं.

आणि मग त्याच अधिनियमाचं कलम १४ आलं. बिल रीतसर बजावल्यानंतर तीन महिन्यांत ग्रामपंचायतीचा कर भरला नाही तर सदस्य अपात्र ठरू शकतो. ग्रामपंचायतीत आमच्या पाड्याची एकच सदस्य, कातकरी बाई, पहिल्यांदाच निवडून आलेली. बैठकीत उठून बोलायची, टँकर कुठे अडला ते विचारायची. तिच्या घराची थकबाकी काही शे रुपयांची. विरोधी गटातल्या एकाने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकला. आम्ही म्हणालो, अपील चालू आहे. त्या कार्यालयाने लेखी कळवलं, असं कोणतंही अपील दप्तरी नाही. पोच नाही, आवक क्रमांक नाही, काय दाखवणार? तिचं पद गेलं. घरपट्टीचे वाढलेले रुपये आम्ही कसेबसे भरलेच असते. पण पुढची पोटनिवडणूक होईस्तोवर पंचायतीत आमच्या बाजूने बोलायला कोणी उरलं नाही, आणि नेमक्या त्याच काळात ५ टक्के अबंध निधीची (पेसा गावांसाठी थेट येणारा आदिवासी विकासाचा पैसा) कामं ठरली. आमच्या वाट्याला काय आलं ते न विचारलेलं बरं. आजही त्या टेबलाची आठवण झाली की डोकं फिरतं. एक शिक्का मारायचा होता हो!

तेव्हा तुमच्याकडे कुणी सदस्य असेल किंवा पुढच्या निवडणुकीला उभं राहणार असेल, तर त्या घराची पट्टी मुदतीत भरा. सोबत ‘हरकत कायम ठेवून भरणा करत आहे’ असं पत्र द्या आणि पावती जपून ठेवा. पाड्यातल्या बाकीच्यांनाही मी हेच सांगेन. काही कार्यकर्ते मला याबद्दल शिव्या घालतात, चालेल.

अपील हातोहात देऊन पोच मिळत नसेल तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोचल्याची नोंद छापून ठेवा. एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांच्या ईमेलवर. आठवड्याभराने माहिती अधिकारात त्या तारखेच्या आवक नोंदवहीच्या पानाची प्रत मागा. अर्ज नोंदलाच नसेल तर तेही त्या पानावरून कळतं.

पण खरं म्हणजे अपिलाची वेळच येऊ देऊ नये. आकारणी चार वर्षांनी फेरतपासतात. यादी प्रसिद्ध होते आणि हरकतींना मुदत असते. ती यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते, फळा मुख्य गावात आणि पाडा डोंगरावर, हीच तर गोम आहे. ग्रामसेवकाला (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) लेखी कळवा की यादीचं वाचन पाड्याच्या ग्रामसभेत करा. ठराव करायचाच तर हा करा. घरटी नमुना ८ चा उतारा काढा. लोकसेवा हक्क कायद्याखालच्या, ठरल्या मुदतीत द्यायलाच हव्यात अशा सेवांमध्ये तो येतो, त्यामुळे ‘सर्व्हर बंद’ हे उत्तर दोनदा ऐकायचं नाही. उताऱ्यात घराचा प्रकार, लांबी-रुंदी, वापर आणि मालक-भोगवटादार हे रकाने बघा. पाड्यातल्याच दोन शिकलेल्या पोरींना टेप घेऊन घरं मोजायला लावा, एजन्सीपेक्षा चोख मोजतात. जाता जाता नवऱ्यासोबत बायकोचं नावही लावून घ्या.

आणि जुन्या घरपट्टीच्या पावत्या चुलीत घालू नका! वनहक्क नियमांत पुराव्यांच्या यादीत घरपट्टीची पावती आहे. १३ डिसेंबर २००५ च्या (वनहक्क कायद्याने ताब्यासाठी धरलेली तारीख) आधीची पावती असेल तर वनजमिनीवरच्या घराच्या दाव्यात ती फार मोलाची. मालकीचा पुरावा मात्र ती नाही. पट्टी भरली म्हणजे घर नावावर झालं असं सांगणारे एजंट आमच्याकडे फिरत असतात.

तुमच्या ग्रामसभेचा खरा जोर खर्चाच्या बाजूला आहे. पेसाप्रमाणे पंचायतीने योजनांवर केलेल्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यायचं असतं. आमच्याकडे ते कोऱ्या कागदावरच्या सह्यांवर जायचं. ते थांबवलं, तेव्हा कुठे सरपंच पाड्यावर चढून आले. दिवाबत्ती कराचा हिशेबही तिथेच मागितला. खांब पुढे आले, दोन. एक चालू आहे.

आता रिसॉर्ट. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल संहितेचं कलम ३६-अ आधी बघा. बिगर आदिवासीला भाडेपट्ट्याने द्यायलासुद्धा जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, तीही जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी. आमच्या भागात असं एक प्रकरण पाहिलंय: नमुना ८ ला ‘कौलारू घर, निवासी’, प्रत्यक्षात पोहायचा तलाव आणि दहा-बारा खोल्या, आणि बिल जमीनमालक वारली म्हाताऱ्याच्या नावे. थकबाकीची नोटीसही त्यालाच. व्यापारी वापराचा भारांक निवासीपेक्षा जास्त असतो, म्हणजे ग्रामपंचायतीचंही नुकसानच. कुणी का बोलत नाही, ते तुम्हीच ओळखा. टेकडीवर मोबाइल टॉवर असेल तर त्याचीही आकारणी विचारा. टॉवर मालमत्ता कराच्या कक्षेत येतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केलंय.

मात्र घाईघाईत रिसॉर्टवाल्याचं नाव मालक म्हणून लावा असा अर्ज मुळीच करू नका. तीच नोंद तो उद्या जमिनीवर हक्क सांगायला वापरेल. अर्ज वापर आणि मोजमाप दुरुस्त करण्यापुरता ठेवा, आणि ३६-अ ची तक्रार वेगळ्या कागदावर जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. मंजुरीच नसेल तर प्रकरण घरपट्टीच्या बाहेरचं आहे, तिथे वकील गाठावा लागेल. तालुका विधी सेवा समितीकडे आदिवासींना तो मोफत मिळतो. रिसॉर्टचा नमुना ८ आणि त्या जमिनीचा सातबारा मिळाला की नावं झाकून इथे टाका, मग पुढचं बघू.