नोटीस लागली, पण सांगितलं कुणी?

पहिली शिफ्ट सातऐवजी सहाला सुरू होणार, नोटीस लावून आठवडा झाला, तेव्हापासून कँटीनमध्ये कामगार गटागटाने बसतात आणि आपण जवळ गेलो की गप्प होतात, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात कालवलं. २०१६ साली भोसरीत मी हेच पाहिलंय, आणि ती नोटीस माझ्याच हातांनी लावली होती.

कामाच्या वेळा बदलण्याआधी कायद्याने द्यावी लागणाऱ्या २१ दिवसांच्या नोटिशीचं तुम्हाला माहीत असेलच. तेव्हा १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम ९-ए होतं, नोव्हेंबर २०२५ पासून नव्या औद्योगिक संबंध संहितेचं कलम ४० आहे. मी वकील नाही, मसुदा तुमच्या सल्लागाराला दाखवा. पण कायद्याची नोटीस लावली म्हणजे माणसांना सांगून झालं, असं आमच्या मुख्य कार्यालयाने धरलं आणि तिथेच सगळं बिघडलं.

त्यांचा मेल बुधवारी दुपारी चारला आला. इंग्रजी मसुदा, पाचच्या आत बोर्डावर लावा. भोसरीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. मी म्हटलं, शुक्रवारी लावतो, आधी सुपरवायझरना बोलावतो. उत्तर आलं, गुप्तता पाळा. मी ऐकलं. ते ऐकायला नको होतं.

सुट्टीच्या दिवशी नोटिशीचा फोटो सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. शुक्रवारी लाईनवर लोकांनी सुपरवायझरना विचारलं, तर ते म्हणाले, 'आम्हालाही फोटोवरूनच कळलं.' पंधरा-वीस वर्षं कारखान्यात काढलेली माणसं ती. त्यांनाच माहीत नाही म्हटल्यावर तिसरी शिफ्ट बंद होणार, कंत्राटी पोरं काढणार, अशा वावड्या दुपारपर्यंत सगळ्यांना खऱ्या वाटायला लागल्या. पुढे दीड महिना ओव्हरटाइमला कुणी थांबलं नाही.

त्यात वरून फर्मान, प्रत्येकाची सही घ्या. हे कृपा करून करू नका. 'नोटीस वाचली' एवढंच लिहिलेलं असलं तरी सही म्हणजे संमती, असंच कामगार समजतो, आणि आधी फसलेला असेल तर त्याचं काय चुकतं? आजही त्या रजिस्टरचा मला राग येतो.

तुमच्याकडे अजून दोन आठवडे आहेत. उद्याच सुपरवायझरना बसवा आणि तासभर त्यांचंच ऐका. मग त्यांनी आपापल्या लाईनवर दहा-बारा जणांशी मराठीत बोलावं, हिंदीवाले असतील तर हिंदीत. तुम्ही बाजूला उभे राहा. माईक लावून घेतलेल्या सभेचा काही उपयोग होत नाही, असं माझं ठाम मत आहे. साडेतीनशे माणसांच्या कारखान्यातला हा अनुभव आहे, आयटीतलं मला माहीत नाही.

आणि बसचं वेळापत्रक आधी ठरवा. मोशीच्या थांब्यावर बस पहाटे किती वाजता येणार, हा आमच्याकडचा पहिला प्रश्न होता. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.