खाडीत स्वतःची बोट चालवताना

प्रश्न : आम्ही ऐरोलीत राहतो. तिघा मित्रांनी मिळून आउटबोर्ड इंजिनाची लहान फायबर बोट घेण्याचे ठरवले आहे. सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह ठाणे खाडीत फेरी मारावी, फ्लेमिंगो पाहावेत, एवढाच हेतू आहे. भाडे घेणार नाही. अशा बोटीलाही नोंदणी लागते का? आणि अपघात झाल्यास जबाबदारी तिघांची की चालवणाऱ्याची? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : बोट हौसेची आहे म्हणून नोंदणीतून सुटका होत नाही. 1917 चा जुना कायदा रद्द करून आलेल्या अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 मध्ये यांत्रिक जलयानाची नोंदणी, सर्वेक्षण, विमा आणि चालवणाऱ्याची पात्रता या सर्वांची तरतूद आहे. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. विक्रेता ‘कागदपत्रांचे नंतर बघू’ म्हणाला, तरी पैसे देण्यापूर्वी मंडळाच्या बंदर कार्यालयात जाऊन चौकशी करावी. खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे. तेथे बोट नेण्याबाबत वन विभागाच्या कांदळवन कक्षाला आधी विचारणे आवश्यक आहे.

नोंदणी आणि विमा मालकांनी, म्हणजे तुम्ही तिघांनी, सांभाळायचा. मात्र बोट किनाऱ्यावरून सुटली की निर्णय एकाचाच असतो आणि त्याचा जाबही त्यालाच द्यावा लागतो. म्हणून आजचा तांडेल, म्हणजे बोटीचा चालक-प्रमुख, कोण, हे निघण्यापूर्वीच ठरवावे. त्याने दारूचा थेंबही घेऊ नये. माणसे किती घ्यायची हे त्याने प्रमाणपत्रावरील आकड्यावरून ठरवावे. रिकाम्या दिसणाऱ्या फळीवरून नव्हे. जानेवारी 2024 मध्ये वडोद्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून 14 जणांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. तो तर बंदिस्त तलाव होता. फळीखाली रचून ठेवलेली जाकिटे बोट उलटल्यावर हाती लागत नाहीत. ती धक्क्यावरच अंगात घालून पट्टे आवळावेत, आणि मुलांना मुलांच्या मापाचीच द्यावीत, कारण मोठ्यांच्या जाकिटातून लहान मूल पाण्यात सहज निसटते. इंजिन बंद करणाऱ्या कळीची दोरी तांडेलाने मनगटाला अडकवावी, म्हणजे तो पाण्यात पडला तरी बोट त्याच्याच अंगावर फिरून येत नाही.

आता खाडीविषयी, कारण तुमच्या प्रश्नात भरती-ओहोटीचा उल्लेखच नाही आणि मला खरी काळजी तिचीच वाटते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती साडेचार मीटरच्या आसपास चढते, आणि साधारण सहा तासांत तेच पाणी उतरून मघाशी जेथून बोट आरामात गेली तेथे चिखल उघडा पडतो. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे मागच्या रविवारचे वेळापत्रक या रविवारी चालत नाही. वरच्या अंगाला जायचे असल्यास भरतीबरोबर जावे आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागण्यापूर्वी परत फिरावे. तरीही बोट चिखलात बसलीच, तर ती ढकलण्यासाठी कोणीही खाली उतरू नये. हा गाळ मांडीपर्यंत गिळतो आणि पाय उपसण्याच्या धडपडीत माणूस आणखी खोल जातो. प्रोपेलर वर उचलावा, नांगर टाकावा, किनाऱ्यावर फोन करावा आणि पुढच्या भरतीपर्यंत बोटीतच थांबावे. यासाठी पिण्याचे पाणी, विजेरी आणि शिटी नेहमी जवळ असावी. समुद्रातील संकटासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक 1554 आहे.

दिवा कोळीवाड्यातील एखाद्या जाणत्या तांडेलाला दोन-चार फेऱ्या सोबत नेलेत, तर कोठे गाळ साचला आहे आणि कोठे जाळ्यांचे खुंट आहेत हे नकाशापेक्षा लवकर कळेल.

प्रश्न : खाडीत समोरून दुसरी बोट आल्यास कोणी बाजू द्यायची? – एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : दोन यांत्रिक बोटी समोरासमोर आल्यास दोघींनीही आपापल्या उजवीकडे वळायचे असते. रस्त्यावर डावीकडून चालवण्याची सवय असल्याने आपला हात नेमका उलट वळतो, तेव्हा हे घोकूनच ठेवावे. आडव्या मार्गावर आपल्या उजव्या हाताला दिसणाऱ्या बोटीला आपण वाट द्यायची. ओलांडून पुढे जाणाऱ्याने स्वतः लांबून जायचे. शिडाच्या होडीला आणि जाळे टाकून बसलेल्या मासेमारी बोटीला आपण वाट द्यावी. जाळ्याचा दोर प्रोपेलरमध्ये अडकला, तर कोळ्याचे नुकसान होतेच आणि आपले इंजिनही बंद पडते. अंधारात डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा हवा, पण नवख्याने सूर्यास्तापूर्वी धक्क्याला लागावे हे बरे.