हवाई दलाच्या टॉवरमधली नोकरी: एका आईच्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार.

साताऱ्याहून लिहिलेले आपले पत्र मिळाले. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आपल्या मुलीने, चष्म्याच्या नंबरामुळे वैमानिक होणे जमणार नाही हे कळल्यावर, हवाई दलात हवाई वाहतूक नियंत्रक होण्याचे ठरवले आहे. हे काम खोलीत बसून करायचे असल्यामुळे युद्ध झाले तरी ती सुरक्षित राहील ना, आणि त्यापेक्षा नागरी विमानतळावरची नोकरी बरी नाही का, असे आपण विचारता.

पहिल्या प्रश्नाला मला 'नाही' असेच उत्तर द्यावे लागते. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पठाणकोट, अमृतसर, श्रीनगर अशा हवाई तळांवरच हल्ले चढवले होते. त्याच महिन्याच्या १४ तारखेला श्रीनगरच्या तळावर सहा पाकिस्तानी सेबर लढाऊ विमाने बॉम्ब टाकत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी तिथूनच आपले नॅट विमान उडवले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. वैमानिकांची नावे आपल्याला पाठ असतात, आणि ती असायलाच हवीत. पण ज्या तळावर बॉम्ब पडतात त्याच तळावर विमानांचे चढणे-उतरणे सांभाळणारा नियंत्रकांचा टॉवरही असतो.

परतणाऱ्या विमानांपैकी कोणाचे इंधन संपत आले आहे, कोणाला मार बसला आहे, धावपट्टीचा कोणता भाग उखडला आहे, हे ध्यानात ठेवून कोणाला आधी उतरवायचे आणि त्याच वेळी शत्रूला अडवायला निघालेल्या विमानांना वाट कशी मोकळी करून द्यायची, हे तिथे क्षणात ठरवावे लागते. एकट्या माणसाच्या आवाक्यातले हे काम नव्हे. शेजारचा सहकारी, रडारच्या खोलीतले अधिकारी, हवामान कक्ष आणि अग्निशमन पथक एकमेकांच्या शब्दावर विसंबून राहतात, म्हणून सोबतच्या माणसाचा आवाज ओळखीचा असणे तिथे फार मोलाचे असते.

लढाऊ विमानांना शत्रूच्या दिशेने नेणारे फायटर कंट्रोलर वेगळे. पाकिस्तानबरोबरच्या २७ फेब्रुवारी २०१९ च्या हवाई चकमकीत हे काम करणाऱ्या स्क्वाड्रन लीडर मिंटी अग्रवाल यांना युद्ध सेवा पदक मिळाले. त्याच दिवशी श्रीनगरजवळ बडगाम येथे आपल्याच क्षेपणास्त्राने आपलेच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक त्यात गेले, आणि ही आपलीच चूक होती असे हवाई दलप्रमुखांनी पुढे जाहीरपणे मान्य केले. या दोन्ही घटना मुलीला एकत्रच सांगा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता प्रवेशाविषयी. वर्षातून दोनदा होणाऱ्या एएफसीएटी या हवाई दलाच्या अधिकारी भरती परीक्षेतून प्रशासन शाखेसाठी अर्ज करता येतो. त्यासाठी ६० टक्क्यांसह पदवी आणि २० ते २६ हे वय लागते. मात्र या शाखेतल्या काही अधिकाऱ्यांनाच नियंत्रकाचे काम मिळते, त्यामुळे टॉवरच मिळेल अशी खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि मला वाटते, तिची खरी अडचण इथेच आहे. नौदलाची नियंत्रकांसाठी स्वतंत्र भरती असते, पण त्या भरतीसाठी अभियांत्रिकीची पदवी लागते. नागरी विमानतळावर नियंत्रक होण्यासाठी बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय असले पाहिजेत. ते असतील तर तो अर्जही तिने जरूर भरावा. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर मात्र प्रवासी विमानांचे नियंत्रणही हवाई दलच करते, हे तिला ठाऊक असू द्या.

भीती वाटते का, हे तिला विचारू नका. ती सगळ्यांनाच वाटते. आपली चूक लक्षात येताच ती वरिष्ठांसमोर त्याच क्षणी मोठ्याने सांगता येईल का, आणि कनिष्ठ सहकाऱ्याने टोकले तर ते तिथल्या तिथे ऐकून घेता येईल का, हे विचारा. तिचे उत्तर तिच्याच शब्दांत मला कळवावे. पुढचे मी त्यावरून लिहीन.