छेदात कोण आहे ते आधी सांग

प्रिय मित्रा,

तुझा मेल वाचला, सोबतचा तक्ताही पाहिला. बीएएमएस करून एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासाला, आलेल्या मुलाने इतकं नीटनेटकं विश्लेषण करावं याचं कौतुक आहे, आणि ते इथेच संपवते. कौतुक हवं म्हणून तू लिहिलेलं नाहीस. तुझा कॉन्सन्ट्रेशन इंडेक्स (गरीब-श्रीमंतांत वाटप किती विषम ते सांगणारा आकडा; शून्य म्हणजे विषमता नाही) शून्याला चिकटून बसलाय, गाईड म्हणतात ‘योजना समन्यायी आहे, लिहून टाक’, आणि तू ज्या तालुक्यात लहानाचा मोठा झालास तिथलं काहीच त्या शून्यात बसत नाही. म्हणून तू विचारतोस, ‘मॅडम, आकडे सोडून मुलाखती घेऊ का?’

मुलाखती जरूर घे, पण आकड्यांवर रुसून नको. तुझ्या तक्त्याचं दुखणं छेदात आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे, म्हणजे सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेचे, दावे घेतलेस, मंजूर रकमेला मंजूर दाव्यांनी भागलंस, तालुके गरिबीच्या क्रमाने लावलेस, आणि वरपासून खालपर्यंत फरक नाही असं निघालं. कसा निघेल? पॅकेजचे दर सरकारने ठरवलेले आहेत. अँजिओप्लास्टी झालेला माणूस अहेरीचा असो की हडपसरचा, रुग्णालयाला रक्कम जवळपास तेवढीच मिळते. रुग्णालयात योजनेची कागदपत्रं पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या खिडकीपर्यंत जे पोचले त्यांच्याशी योजना सारखं वागते, एवढंच तू दाखवलंस. जो पोचलाच नाही तो तुझ्या फाईलमध्ये कुठल्याच ओळीत नाही. छेदात आलेले आहेत. तिथे गरजू हवे होते.

हे एक वाक्य मी गेली कित्येक वर्षं इतक्या लोकांना ऐकवलंय की आता लोक मला पाहून रस्ता बदलतात. तरी तुलाही ऐकवणार.

गडचिरोलीच्या दोन गावांत राणी आणि अभय बंग यांनी केलेला अभ्यास तू परीक्षेपुरता वाचला असशील. १९८९ साली तो लॅन्सेटमध्ये आला. ६५० बायका तपासल्या, त्यातल्या ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता. आणि त्याआधी आयुष्यात कधी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या जेमतेम ८ टक्के. आता असं धर, की तू त्या काळात दवाखान्याचं ओपीडी रजिस्टर घेऊन बसला असतास. तुझं सगळं जग त्या ८ टक्क्यांचं झालं असतं. त्यांच्यात गरीब किती, आदिवासी किती, कोणाला किती गोळ्या मिळाल्या, याचा सुंदर आलेख काढला असतास. त्या अभ्यासात कुठलं चमत्कारिक सूत्र नाही. गावातल्या बायकांना, तक्रार असो वा नसो, तपासणीला बोलावलं, इतकंच. सारं बळ छेदात आहे.

तू म्हणशील, मग घरोघर सर्वेक्षणाचे आकडे वापरतो, राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीचा डेटा फुकट मिळतो. वापर. पण तिथेही डोळे उघडे ठेव. ‘गेल्या १५ दिवसांत कोणी आजारी होतं का?’ या प्रश्नाचं उत्तर आजारावर जितकं अवलंबून असतं तितकंच आजाराला आजार म्हणायची ऐपत आहे का यावरही असतं. अमर्त्य सेन यांनी २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेच मांडलं होतं: केरळची माणसं बिहारच्या माणसांहून कितीतरी जास्त जगतात, आणि स्वतःला आजारी मात्र तीच जास्त सांगतात. लोकांनी सांगितलेल्या आजारपणाला गरज मानून तू छेदात घातलंस, तर बिहारला डॉक्टर नकोतच असं गणिताने सिद्ध होईल.

आणि फॉर्म. फॉर्म कसा भरला जातो हे तू अजून पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगते. मेळघाटातलं एक घर. अंगणात खाटेवर म्हातारा, जांघेतला हर्निया इतका उतरलेला की धोतर बाजूला सारून बसावं लागायचं. आमचा अन्वेषक विचारतो, ‘वर्षभरात कोणी दवाखान्यात भरती झालं होतं?’ सून म्हणते, नाही. ‘नाही’वर खूण झाली की भरतीचं सगळं प्रकरण वगळायचं आणि थेट पुढच्या भागावर जायचं, अशी सूचना छापलेली. अन्वेषक खूश. त्याला फॉर्ममागे पैसे मिळतात, आणि ‘नाही’वाली घरं पटापट उरकतात. पुढे हेच घर संगणकात गेलं. आरोग्यावरचा खर्च शून्य. घरखर्चाच्या १० टक्क्यांची रेघ लाव, नाहीतर अन्न सोडून उरलेल्या खर्चाच्या ४० टक्क्यांची लाव, उपचारांचा खर्च त्या रेघेवर गेला की त्याला आपत्तीजनक खर्च म्हणतात, आणि तसा खर्च झालेल्या घरांत हे घर येत नाही. अहवालात ते ‘आर्थिक संरक्षण असलेलं कुटुंब’ ठरलं. म्हाताऱ्याला संरक्षण कशाचं? उपचार न मिळण्याचं.

कुलूपबंद घरं ही आणखी एक जमात. जानेवारीत बीडच्या गावात सर्वेक्षणाला जा. टोळ्या दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेलेल्या असतात, परत येतात मार्च-एप्रिलात. दाराला कुलूप दिसलं की काही सर्वेक्षणांच्या नियमाप्रमाणे शेजारचं घर घ्यायचं, म्हणजे ज्याला गाव सोडावं लागलं नाही त्याचं. एकटी राहणारी म्हातारी वारली असेल तर तिचा मृत्यू सांगायला घरात कोणी उरलेलंच नसतं. या चुका मुद्दाम कोणी करत नाही, पण सगळ्या एकाच बाजूला झुकतात, आणि नेमक्या त्याच माणसांना छेदातून उचलून बाहेर ठेवतात.

एका प्रकल्पात मी हट्ट धरला होता की ‘उपचार सांगितले होते पण झाले नाहीत’ असं एक जादा पान फॉर्मला जोडा. कोणत्या संस्थेचा प्रकल्प ते जाऊ दे. बजेट नाही म्हणाले. वेळ नाही म्हणाले. शेवटी म्हणाले, निधी देणाऱ्यांनी हा प्रश्न विचारलेलाच नाही. मी अहवालावरचं माझं नाव काढून घेतलं आणि पुढचं कंत्राट मला मिळालं नाही. प्रकल्पप्रमुख माझे जुने स्नेही होते. ते बोलेनासे झाले ते कायमचे. त्याची खंत आहे, आणि ती म्हातारपणी वाढते हेही सांगते. पण पान हवंच होतं. तो अहवाल आजही लोक आधाराला घेतात, आणि त्यातलं ‘८० टक्के समाधानी’ छापाचं वाक्य दिसलं की माझं डोकं फिरतं. समाधानी कोण? जे भरती झाले आणि घरी आले ते. मला आडमुठी म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही. असो.

आता उलटी बाजू, कारण तुझ्या मेलमध्ये ‘गरिबांचा वापर वाढला म्हणजे न्याय वाढला’ असं एक वाक्य आहे आणि ते मला बोचलं. बीडमध्ये ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ साली गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेले आकडे: ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली. सुमारे १७ टक्के. देशभरात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. (वयाची रचना वेगळी असेल तर दोन टक्केवाऱ्या अशा शेजारी ठेवता येत नाहीत; आधी वय सारखं करून घ्यायचं असतं. मी ठेवल्या, तू प्रबंधात ठेवू नकोस.) तुझ्या पद्धतीने हे मोजलं तर काय दिसेल? सर्वांत गरीब बायकांना भरपूर शस्त्रक्रिया मिळाल्या. तुझा इंडेक्स आनंदाने गरिबांच्या बाजूला कलंडेल. गरज छेदात नसेल तर लूटसुद्धा समन्यायी दिसते.

खर्चावरून गरज ठरवायचा मोह तर फारच जुना. अमेरिकेत झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली सायन्समध्ये एका संगणकप्रणालीची चिरफाड केली. कोणत्या रुग्णाकडे जादा लक्ष द्यायचं ते ही प्रणाली सांगायची, आणि गरजेचं माप म्हणून पुढचा अपेक्षित खर्च धरायची. कृष्णवर्णीय रुग्णांवर मुळात खर्चच कमी होत आलेला, म्हणून ते कमी आजारी ठरत. ही चूक सुधारली तर जादा मदतीला पात्र ठरणाऱ्यांत त्यांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जातं. प्रणालीला वंश सांगितलेलाही नव्हता. तू मंजूर रक्कम वापरलीस, त्यांनी बिल वापरलं, फरक फारसा नाही.

क्वालीबद्दलही (चांगल्या तब्येतीत जगलेलं एक वर्ष; उपचाराचा फायदा या मापात मोजतात) विचारलं आहेस. दर क्वालीमागे किती रुपये हे काढायला शीक, त्याशिवाय सरकारदरबारी तुझं कोणी ऐकणार नाही. आपल्याकडे आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाचं, म्हणजे कोणत्या उपचारावर पैसा घालणं परवडतं ते तपासण्याचं, काम २०१७पासून सुरू आहे, तिथे हीच भाषा चालते. पण दुर्गम पाड्यावरच्या माणसापर्यंत पोचायला जीप लागते, म्हणून त्याची क्वाली महाग पडते आणि सरासरीत तो ‘परवडत नाही’ ठरतो. फायदा कोणाच्या वाट्याला गेला हे उघड दाखवणारी पद्धत यॉर्क विद्यापीठातल्या रिचर्ड कुकसन आणि मंडळींनी विकसित केली आहे. ती वाच, पण प्रबंधात आत्ता घालू नकोस. तुझा व्याप आधीच फार पसरलाय.

मग करायचं काय? दाव्यांचा डेटा फेकू नकोस, तो तुझा अंश आहे. छेद गावातून आण. तीन गावं घे: एक योजनेच्या रुग्णालयाजवळचं, एक लांबचं, एक असं की जिथून दोन एसटी बदलाव्या लागतात. आशाताईंना सोबत घेऊन घरांची यादी कर, कुलूपबंद घरांसकट, आणि ती माणसं परतल्यावर पुन्हा जा. ज्याची गरज डोळ्यांना दिसते असेच आजार निवड: मोतीबिंदू, हर्निया, बाईचं अंग बाहेर येणं. इथे तुझं बीएएमएस कामाला येईल. टॉर्च मारून मोतीबिंदू तुला दिसतो, नुसत्या संख्याशास्त्रवाल्याला दिसत नाही. बायकांच्या तपासणीला डॉक्टरबाई लागेल, तिची सोय आधी कर. सापडलेल्या रुग्णाला पुढे कुठे पाठवायचं हे ठरल्याशिवाय एकाही घरात शिरू नकोस. नैतिकता समितीने विचारलं नाही तरी. वर्षभरातले मृत्यू विचार, ग्रामपंचायतीच्या नोंदीवर थांबू नकोस.

मुलाखती इथे घे, न आलेल्यांच्या. शिधापत्रिकेत नाव नाही, शेळ्या कोणाकडे सोडायच्या, दवाखान्यात सोबत राहायला माणूस नाही, रोज बुडतो. हे तुला पाठ आहे, तरी त्यांच्या तोंडून लिहून घे, कारण गाईड तुझ्या पाठांतरावर विश्वास ठेवणार नाहीत.

गाईडशी भांडू नकोस. शून्य चुकीचं आहे असं म्हणू नकोस, कारण ते चुकीचं नाही. फक्त ‘भरती झालेल्यांमध्ये’ हे शब्द शीर्षकात घालून घे आणि हा दुसरा भाग जोडायची परवानगी माग. माझं नाव मध्ये आणलंस तर परवानगी मिळायची तीही जाईल.

गावांची यादी आणि खर्चाचा अंदाज पुढच्या आठवड्यात पाठव. जीपभाडं कमी धरू नकोस, सगळे तिथेच फसतात आणि मग लांबचं गाव पहिल्यांदा गळतं.

तुझी,
मॅडम