फॉस्फेट बसायलाही हवं आणि निघायलाही हवं

जळगावला एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: डिशमधल्या पेशींच्या थरावर पिपेटच्या टोकाने ओरखडा काढला. कायनेज (प्रथिनांवर फॉस्फेट बसवणारं एन्झाइम) रोखणारं औषध दिलं तर ओरखडा भरला नाही, ते समजलं. पण फॉस्फेटेज (ते फॉस्फेट काढणारं एन्झाइम) रोखणारं व्हॅनाडेट देऊन प्रथिनांवरचं फॉस्फेट वाढवलं, तरीही पेशी जागच्या हलेनात. असं का?

ताई, प्रयोग चुकला असं लगेच धरू नका. केळीच्या बागेत पाणी दिल्यावर काळ्या गाऱ्यातून चालून बघा. पुढचा पाय रोवल्याशिवाय जोर लागत नाही आणि मागचा उपसल्याशिवाय पाऊल पडत नाही. पेशीचं तसंच आहे.

पेशीच्या आवरणातली इंटिग्रीन प्रथिनं बाहेरचा आधार धरतात. धरल्याबरोबर आतून तिथे एफएके हे कायनेज गोळा होतं आणि त्याच्या साखळीतल्या 397 व्या जागच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसतं. त्या फॉस्फेटला सर्क हे दुसरं कायनेज येऊन चिकटतं, मग दोघं मिळून पॅक्सिलिनसारख्या शेजारच्या प्रथिनांवर फॉस्फेट बसवत सुटतात. हे सगळं पकड घट्ट करायला चाललंय असंच कुणालाही वाटेल. पण 1995 मध्ये एफएके नसलेल्या उंदराच्या पेशी तपासल्या, तेव्हा पकडीच्या जागा कमी नव्हे, जास्त दिसल्या आणि पेशी मंदावल्या होत्या. म्हणजे जुनी पकड सोडवणं हेही एफएकेचंच काम. आता गंमत अशी की पीटीपी-पेस्ट हे फॉस्फेटेज काढून टाकलं, तरी पकडी वाढतात आणि पेशी अडखळते. तुमच्या दोन्ही डिशमध्ये एकच निकाल का आला, त्याची वाट मला इथे दिसते.

कोफिलिन या प्रथिनाचं उदाहरण तर माझ्या फार आवडीचं. ते अ‍ॅक्टिन या पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनाचे जुने धागे तोडतं, म्हणून पुढच्या कडेला नवे धागे विणायला माल मिळतो. त्याच्या तिसऱ्या जागच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसलं की ते थंड पडतं. निघालं की पुन्हा कामाला लागतं. इथे फॉस्फेट म्हणजे लगाम आहे. त्यामुळे ‘फॉस्फेट वाढलं म्हणजे पेशी जोरात’ हे समीकरण आधी डोक्यातून काढा. कुठल्या प्रथिनावर, कुठल्या जागी आणि किती वेळ, हे विचारा.

रॅक हे प्रथिन पुढची कड पसरवतं, ऱ्हो हे दुसरं मागून आकुंचनाला जोर देतं. पण या दोघांचा मुख्य खटका जीटीपी हा छोटा रेणू धरण्याचा आहे, फॉस्फेट चिकटण्याचा नाही. प्रबंधात त्यांची सरमिसळ करू नका.

आता कामाचं. चोवीस तासांत पेशी विभागूनही ओरखडा भरतो, म्हणून विभाजनाला चालना देणारं सीरम कमी ठेवा. व्हॅनाडेटच्या डिशमधल्या पेशी जिवंत आहेत ना, हे ट्रिपॅन ब्लूने (हा रंग मेलेल्या पेशींत शिरतो) आधी बघून घ्या. मग पॅक्सिलिन रंगवून ओरखड्याच्या कडेच्या पेशी पाहा, आणि पुढच्या कडेवर थांबू नका, मागची बाजू बघा. तिथे लांब ताणलेली शेपूट आणि तिच्या टोकाला मोठे, जाड ठिपके, म्हणजे न सुटलेल्या पकडी, दिसले, तर मागचा पाय गाऱ्यात रुतलाय.