घरातल्या वस्तू जिवंत होऊन बोलतात असा बाहुल्यांचा कार्यक्रम टीव्हीवर कधी होता का? बालवाडीत पंचवीस-तीस मुलांसाठी, जवळजवळ शून्य खर्चात, तसा करता येईल का?

होता, आणि येतो. तुम्ही पंचवीस-तीस मुलं आणि 'खर्च जवळजवळ शून्य' असं लिहिलंय, म्हणून सांगायचं धाडस करतोय. मी बेळगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. गेली चार वर्षं गल्लीच्या गणपतीत एक संध्याकाळ आमच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांची असते. पहिल्या वर्षी सपशेल आपटलो, त्यामुळे चुका तरी नक्की सांगू शकतो.

आधी टीव्हीचं. ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर १९८० ते १९८८ या काळात 'बटन मून' नावाचा कार्यक्रम चालायचा. ९१ भाग झाले, एकेक भाग जेमतेम दहा मिनिटांचा. मिस्टर स्पून, त्याची बायको आणि मुलगी टीना टी-स्पून असं हे चमच्यांचं कुटुंब भंगाराच्या ग्रहावर राहतं आणि रॉकेटमधून बटणाच्या चंद्रावर फिरायला जातं. रॉकेट म्हणजे टिनचा रिकामा डबा आणि वर उपडं नरसाळं. चंद्र म्हणजे खरोखरचं पिवळं बटण, चादरीच्या आभाळात टांगलेलं. मी हे पोरासाठी काहीतरी शोधताना नेटवर बघितलं आणि पोराआधी मीच अडकलो. त्यातलं काहीच लपवलेलं नाही. डबा डबाच दिसतो. तरी तो उडाला की आपण मान वर करतो.

आपल्याकडे बाहुल्यांची कमतरता नाही. आमच्याकडून आंबोली घाट उतरून कुडाळकडं गेलं की पिंगुळी लागते. तिथले ठाकर लोक कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) सांभाळून आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती त्यासाठीच. इकडं कर्नाटकात तोगलु गोंबेआट, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ. कोप्पळ जिल्ह्यातल्या मोरनाळच्या भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. हा खेळ करणारे किळ्ळेक्यात लोक घरात मराठीच्या जवळची बोली बोलतात आणि पडद्यामागून कन्नडमध्ये रामायण सांगतात. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. पण तिथं सगळे देव, राक्षस आणि राजे. पळी-उलथणं कुणी नाही.

आता माझी पहिली चूक. दुकानातून ते गरगर फिरणारे प्लास्टिकचे डोळे आणले आणि दिसेल त्या भांड्याला चिकटवले. पळीला डोळे, झाऱ्याला डोळे, तव्याला तर लिपस्टिकचे ओठसुद्धा. सगळे सारखेच दिसायला लागले आणि सारखंच बोलायला लागले: "नमस्कार बालमित्रांनो, मी आहे पळीताई!" पाच मिनिटांत पुढची पोरं मांडवाच्या दोऱ्या ओढायला लागली. त्यात स्टीलवर हॅलोजन पडून असा झगमगाट, की पहिल्या रांगेनं डोळ्यांवर हातच धरले.

दुसऱ्या वर्षी डोळे काढून टाकले. भांडं दिवसभर जे काम करतं, तोच त्याचा स्वभाव धरला. रवीला कायम चक्कर येते. चाळणीच्या पोटात कुठलंच गुपित राहत नाही. फुंकणीला बोलता बोलता दम लागतो (ही फक्त आज्यांना कळली, पोरांनी फुंकणी बघितलेलीच नाही). कुकर रागीट, दोन शिट्ट्यांपर्यंत धरून ठेवतो, तिसरीला फुटतो. पोरं स्वतःहून "एऽऽक... दोऽऽन..." मोजायला लागली तेव्हा पडद्यामागं आम्ही एकमेकांकडं बघितलं. शिट्टी मारायला माझी पुतणी होती, तिला त्या रात्री अख्ख्या गल्लीत भाव आला.

सगळ्यात जास्त कष्ट तांब्यावर घेतले. त्याला तोंड आहेच, म्हणून तोंडानं बोलवायचा मोह होतो. तसं करू नका. तो बोलताना फक्त मानेपाशी धरून थोडा पुढं कलवायचा, बोलणं संपलं की सरळ. ऐकताना पूर्ण स्थिर. वाईट वाटलं की हळूहळू आडवा, आणि आत ठेवलेलं चमचाभर पाणी टप, टप, टप असं खालच्या परातीत पडू द्यायचं. दोनशे माणसांच्या मांडवात तो टपटप आवाज ऐकू आला, म्हणजे बघा किती शांत झाले असतील. एका वेळी एकानंच हलायचं, बाकीच्यांनी त्याच्याकडं तोंड करून गप्प राहायचं, एवढं पाळलं तरी निम्मं काम होतं.

सामानाचं पटकन सांगतो. मागं काळं कापड, हातात काळे मोजे, अंगात काळा शर्ट. उजेड समोरून नको, दोन्ही बाजूंनी आडवा द्या. मग हात अंधारात जातात आणि भांडं तेवढं दिसतं. स्टीलच्या भांड्यांना ओल्या राखेचा किंवा पिठाचा पातळ हात फिरवला की चमक मरते. लाकडी आणि मातीची भांडी तशीच चालतात. आमचा आजोबा-माठ खानापूरचा आहे, त्याला काही लावावं लागलं नाही. पितळी तांब्या मात्र पहिल्या तालमीतच बाद केला. दहा मिनिटं हात वर धरून बघा, खांद्यातून कळ येते. अॅल्युमिनियमचा घ्या.

आणि भाषा. घरात एक आणि खेळात दुसरी बोलणारे ते किळ्ळेक्यात लोक आठवा. तुमचं गाव कुठलं ते ठाऊक नाही, पण आमच्या मांडवात निम्मी पोरं घरी मराठी बोलणारी, निम्मी कन्नड. सुरुवातीला मी सगळ्यांना पुस्तकी मराठी दिली होती. मग एका तालमीत तांब्या धरणारा पोरगा वैतागून पळीला म्हणाला, "काय करायलीस गे तिथं, सरक की!" आणि बघायला बसलेली चार पोरं फिसकन हसली. तेवढ्यावरच सगळे संवाद बदलले. शेजारच्या काकू तांब्याला तंबिगी म्हणतात आणि तव्याला हंचु. मग आमच्या तांब्याला दोन नावं मिळाली. आईनं मराठीत हाक मारली की "आलो, आलो", काकूंनी तंबिगी म्हटलं की "बंदे, बंदे". एकदा दोघींनी एकदम हाक मारली आणि बिचारा टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत राहिला. एवढा हशा आम्ही लिहिलेल्या एकाही विनोदाला आला नाही. तुमच्याकडं अहिराणी असेल, कोकणी असेल, तीच भांड्यांच्या तोंडी घाला.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या, कारण मी घेतली नव्हती. तिसऱ्या वर्षी आमची विळी भलतीच भाव खाऊन गेली. तोंडाळ, फटकळ, जो येईल त्याला कापून टाकणारी. दुसऱ्या दिवशी सकाळीच गल्लीतली एक वहिनी दारात. त्यांचा साडेतीन वर्षांचा पोरगा ओट्याखालून विळी ओढून तिच्याशी गप्पा मारत बसला होता. लागलं नाही, पण माझे हातपाय गार पडले. तुमची मुलं तर बालवाडीची. सुरी, विळी, काडेपेटी, गॅस, इस्त्री यांना खेळात घेऊच नका, खलनायक म्हणूनसुद्धा नाही. खलनायकच पोरांना जास्त आवडतो.

आमची विळी आता खेळात नाही. पोरं अजून विचारतात, म्हणून गेल्या वर्षी तांब्यानं जाहीर केलं की ती धार लावायला बेळगावला गेलीय. यंदा ती कधी येणार म्हणून विचारतील, त्याचं उत्तर अजून लिहायचंय.