फुकटच्या चिप्सवर पोकर खेळून नवशिक्याचा खेळ सुधारतो का?

प्रश्नकर्त्याने विचारले आहे की मोबाईलवर एक पैसाही न लावता, खोट्या चिप्सवर पोकर खेळत राहिल्याने नवशिक्याचा खेळ सुधारतो की बिघडतो. माझे मत असे आहे की चिप्स फुकट मिळतात याने काहीच बिघडत नाही, त्या कधी संपत नाहीत याने मात्र सगळे बिघडते. हा फरक आमच्या थोरल्या मेहुण्यांना आजवर पटलेला नाही, त्यामुळे हे उत्तर थोडे लांबणार आहे.

कोणती पाने कोणत्या पानांवर चढतात, आपली पाळी केव्हा येते, ब्लाइंड (पाने पाहण्याआधी सक्तीने लावायच्या चिप्स) कोणी भरायचे, फ्लॉपवरची, म्हणजे मध्ये सर्वांसाठी उघडल्या जाणाऱ्या पाच पानांपैकी पहिली तीन पाने पाहून आपल्याजवळ काय जमले आहे हे चटकन कसे ओळखायचे, एवढे फुकटच्या टेबलावर उत्तम शिकता येते आणि त्यासाठी दुसरीकडे कुठे जाण्याची गरज नाही. अडचण त्यानंतर सुरू होते, कारण अशा टेबलावर कोणी पाने टाकतच नाही, म्हणजे डाव सोडतच नाही. दोन एक्के हातात आले तर एका अनोळखी प्रतिस्पर्ध्यापुढे ते सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतात. पण टेबलावरचे उरलेले आठही जण कुठलीही पाने घेऊन शेवटपर्यंत बसून राहिले, तर तेच एक्के जेमतेम ३५ टक्के वेळा जिंकतात. नवशिका हे रोज पाहतो आणि एक्के अपशकुनी आहेत अशी त्याची समजूत होते. पुढे तोही बावन्न पानांपैकी कुठल्याही दोन पानांवर शेवटपर्यंत बसू लागतो, कारण सगळे हरले तरी ॲप काही तासांनी पुन्हा चिप्स देते.

आता प्रत्यक्ष अनुभव सांगतो. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, पितरांची घागर भरली जाते, दुपारी आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्यांचे जेवण होते, बायका-मुली झोक्यावर बसून गाणी म्हणतात आणि पुरुष मंडळी पत्ते काढतात. उरलेल्या महाराष्ट्राला अक्षय्य तृतीया म्हटले की सोने आठवते. आमच्याकडे पत्तेवाल्यांना आणि पोलिसांना ती वेगळ्या कारणाने आठवते. आमचे घर अमळनेर तालुक्यात आहे. एका आखाजीला बहीण, मेहुणे आणि कॉलेजात शिकणारा भाचा आले होते. भाच्याने मोबाईल पुढे करून त्याच्या नावावर कोट्यवधी चिप्स जमा असल्याचे दाखवले आणि मामाला पोकर शिकवतो असे सर्वांसमोर जाहीर केले. मी एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, हिशेबनीस आहे आणि फुकटच्या स्पर्धांवर बऱ्याच वर्षांपासून पोकर खेळत आलो आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. मीही ते सांगितले नाही.

मेहुण्यांचा आग्रह होता की पैसे लावून तीनपत्ती खेळावी. ते पारोळ्याकडचे, शेती चांगली, माणूस मनाने मोठा, पण पत्त्यांच्या बाबतीत त्यांचे एकच वाक्य ठरलेले आहे: "खिसा जयाबिगर पत्ता समजत नही," म्हणजे खिसा जळल्याशिवाय पत्ते समजत नाहीत. माझ्या लग्नापासून मी हे वाक्य ऐकत आलो आहे. बहिणीने घरात पैसे लावायला साफ नकार दिला आणि तिनेच तोड काढली. प्रत्येकाला दोनशे चिंचोके मोजून द्यायचे, संपले की पुन्हा मागायचे नाहीत, आणि जो सर्वांत आधी बाद होईल त्याने संध्याकाळच्या पंगतीसाठी पाटीभर आंब्यांचा रस एकट्याने काढायचा. मेहुण्यांनी चिंचोक्यांकडे पाहून नाक मुरडले, तरी बसले.

भाचा पहिल्या डावापासून प्रत्येक डावात होता. पाने काहीही असोत, तो कॉल करायचा, म्हणजे समोरच्याने लावले तेवढे लावून डावात राहायचा, फ्लॉप पाहायचा, आणि काही जमण्याची पुसटशी आशा असली की पुढचेही पान पाहायचा. त्याचे चिंचोके हळूहळू गळत होते आणि त्याचे लक्ष नव्हते. मग एका डावात माझ्याकडे किलवरचा एक्का आणि इस्पिकचा राजा आला. मी वाढवले, भाच्याने आणि माझ्या चुलतभावाने कॉल केला, मध्ये चाळीसच्या आसपास चिंचोके जमले. फ्लॉपवर चौकटचा एक्का आणि बदामाची दोन लहान पाने पडली. मी आणखी चाळीस लावले. चुलतभावाने पाने टाकली, भाच्याने विचार न करता चाळीस मोजून पुढे सरकवले. त्याच्याकडे बदामाची दोन पाने होती आणि रंग, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पाने, पुरा व्हायला आणखी एक बदाम हवे होते.

इथे जरा थांबतो, कारण प्रश्नाचे खरे उत्तर या जागी आहे. त्याने न पाहिलेली पाने ४७ होती आणि त्यांपैकी बदामाची ९ होती. म्हणजे पुढच्याच पानावर रंग पुरा होण्याची शक्यता पाचात एक, त्याहून किंचित कमीच. आणि त्याला किंमत काय पडत होती? आधीचे चाळीस आणि माझे चाळीस मिळून ऐंशी जिंकण्यासाठी तो चाळीस लावत होता, म्हणजे तीनांत एकदा तरी जिंकत असेल तरच तो सौदा तोट्याचा ठरला नसता. पुढचे पान कोरे गेले. मी पुन्हा मोठी रक्कम लावली, त्याच्यापुढे शंभराच्या आत चिंचोके उरले होते, ते सगळे त्याने आत टाकले. शेवटचे पानही काळे पडले. तो बाद झाला तेव्हा उन्हे उतरलीसुद्धा नव्हती. आंब्यांची पाटी त्याच्यापुढे ठेवताना त्याने मला विचारले, "मामा, मोबाईलवर तर मी असंच खेळतो, तिथं कसा जिंकतो?" तिथेही तो हरतच होता, फक्त तिथे कोणी त्याला रस काढायला बसवत नव्हते आणि दुसऱ्या दिवशी नव्या चिप्स हजर असत.

मेहुण्यांना हे सगळे स्वतःच्या बाजूचे वाटले. "बघा, फुकटचं खेळून पोराचा हात बिघडला," असे ते सर्वांना सांगू लागले. परंतु तासाभरातच तेही बाद झाले, आणि ते भाच्यापेक्षा वेगळ्या रीतीने नव्हे, त्याच रीतीने. तीनपत्तीत पाने न पाहता ब्लाइंड खेळण्याची आणि समोरच्याला दमात घेण्याची त्यांना सवय आहे. पोकरमध्ये पाचवे पान पडेपर्यंत समोरच्याला माहिती मिळत राहते, त्यामुळे तो दम फार काळ टिकत नाही. शेवटी शेवटी तर ते "बघू तरी" म्हणून कॉल करत होते. बाद झाल्यावर त्यांनी सांगितले की चिंचोके होते म्हणून आपण असे खेळलो, पैसे असते तर एक पानही फुकट गेले नसते. मी त्यांना नम्रपणे विचारले, "दाजी, मागच्या आखाजीला तुमचे किती गेले होते?" त्यांना आकडा सांगता आला नाही. त्याच्या आधीच्या वर्षाचाही सांगता आला नाही. ज्याला गेल्या वर्षी किती गेले हे माहीत नाही, त्याचा खिसा जळून त्याला नेमके काय समजले, हा माझा त्यांना तेव्हाचा प्रश्न होता आणि अजूनही आहे.

भाच्याने मध्येच ख्रिस मनीमेकरचे उदाहरण दिले आणि मेहुण्यांनी ते लगेच उचलले. हा अमेरिकन गृहस्थ ८६ डॉलर भरून ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून वर आला आणि २००३ साली लास वेगासच्या जागतिक पोकर मालिकेच्या मुख्य स्पर्धेत २५ लाख डॉलर जिंकला. पैसे लावले म्हणूनच तो घडला, असे मेहुण्यांचे म्हणणे. त्या स्पर्धेत ८३९ खेळाडू होते आणि एका खुर्चीची किंमत १०,००० डॉलर होती. पैसे लावल्याने माणूस घडत असेल तर उरलेले ८३८ जण काय न घडलेले होते? जाता जाता सांगतो, मनीमेकर पेशाने हिशेबनीस होता. ही गोष्ट मी त्या दिवशी जरा मोठ्याने सांगितली.

दुसरे उदाहरण मला अधिक निर्णायक वाटते. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुक यांच्या संशोधकांनी प्लुरिबस नावाचा संगणकीय खेळाडू तयार केला, ज्याने टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात सहा जणांच्या टेबलावर नामांकित व्यावसायिकांना हरवले. तो शिकला कसा, तर स्वतःच्याच प्रतींविरुद्ध खेळून, सुमारे ८ दिवसांत, आणि त्या शिक्षणात कोणाचा एक रुपयाही पणाला लागला नव्हता. खिसाच नसलेले यंत्र शिकू शकले, कारण प्रत्येक डावानंतर ते हिशेब करीत असे की आपण कॉल केला त्याऐवजी पाने टाकली असती किंवा वाढवले असते तर किती चिप्स अधिक राहिल्या असत्या, आणि पुढच्या वेळी त्यानुसार आपली चाल बदलत असे. खोट्या चिप्स त्याला पुरल्या, कारण त्याच्या लेखी त्या खऱ्या होत्या.

तेव्हा प्रश्नकर्त्याला माझा सल्ला असा की फुकटचे ॲप जरूर वापरावे, पण हवे तेव्हा उठता-बसता येणारी आणि चिप्स पुन्हा भरून देणारी टेबले पूर्णपणे सोडून द्यावीत. त्याऐवजी सहा किंवा नऊ जणांच्या छोट्या फुकट स्पर्धा खेळाव्यात, ज्यांत सर्वांना सारख्याच चिप्स मिळतात, ब्लाइंड ठरावीक वेळाने वाढत जातात आणि चिप्स संपल्या की बाहेर पडावे लागते. अशा स्पर्धेतही पहिली काही मिनिटे दोन-तीन उतावळे सगळे आत टाकून निघून जातात. त्यांना जाऊ द्यावे, उरलेल्यांत खेळ बरा होतो. सोबत एक वही ठेवावी. जिनिंगला कापसाची गाडी आली की वजन, ओलावा आणि भाव गाडी रिकामी होण्याआधी लिहावा लागतो, नंतर आठवून लिहिलेला आकडा कामाचा नसतो; तसेच मोठ्या डावात आपण काय केले आणि का केले हे शेवटचे पान उघडण्याआधी लिहून टाकावे. निकाल लिहिला नाही तरी चालेल. रंगासाठी चुकीच्या भावाने कॉल केला आणि नेमके बदाम पडले, तर वहीत ती चूक म्हणूनच राहिली पाहिजे. महिनाभराने वही उघडली की आपण कुठे सारखे सारखे गळतो ते कोणी सांगावे लागत नाही.

फुकटच्या टेबलावर ब्लफ, म्हणजे पाने कमजोर असताना मोठी रक्कम लावून समोरच्याला पळवणे, शिकता येत नाही, ही तक्रार खरी आहे, पण नवशिक्याला तिची काळजी करण्याचे कारण नाही. जिथे कोणी पाने टाकत नाही तिथे ब्लफ करू नये आणि चांगली पाने आली की दणकून लावावे, हाच तिथला योग्य खेळ आहे, आणि समोरच्याची सवय पाहून आपली चाल बदलणे म्हणजेच पोकर असल्यामुळे तोही एक धडा झाला.

मेहुण्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. मोठा डाव दुर्दैवाने गेल्यावर डोके शांत ठेवून पुढचा डाव नीट खेळणे, हे चिंचोक्यांवर पूर्ण शिकता येत नाही. खरी रक्कम गेल्यावर छातीत जे होते ते वेगळेच असते. मात्र ते झाल्यावर शांत राहायला पैसा शिकवतो, याचा पुरावा निदान आमच्या घरात तरी मला दिसलेला नाही.

कायद्याचे आधी सांगायला हवे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा जो कायदा मंजूर केला, त्यात पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदी आहे. खेळवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, खेळणाऱ्यासाठी त्यात शिक्षा ठेवलेली नाही. पत्त्यांतला फरक न्यायालयाने फार पूर्वी केला होता. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीत कौशल्याचा भाग मोठा असल्याचे म्हटले आणि तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा खेळ म्हटले. मेहुण्यांना हा निकाल मी आवर्जून सांगत असतो. पारावरच्या डावालाही १८८७ चा जुगारबंदीचा कायदा लागू आहे आणि आखाजी आहे म्हणून त्यात सूट मिळत नाही. थोडक्यात, नवशिक्याला मोबाईलवर आज फुकटचेच टेबल उरले आहे, त्यामुळे ते नीट वापरायला शिकणे भाग आहे.

आणि त्या ॲपवर चिप्स विकत मिळतात, त्या कधीही घेऊ नयेत. त्या चिप्सचे परत रुपये होत नाहीत, आणि संपलेल्या चिप्स लगेच विकत मिळाल्या तर वर सांगितलेल्या सगळ्या शिस्तीला काही अर्थ राहत नाही. भाच्याच्या कोट्यवधी चिप्सपैकी बऱ्याचशा अशाच विकत घेतलेल्या होत्या, हे रस काढता काढता त्याने मला सांगितले, आणि ते पैसे यूपीआयने त्याच्या वडिलांच्या खात्यातून गेले होते. म्हणजे खिसा जळलाच होता, तोही मेहुण्यांचा, आणि तरीही बदामाच्या नऊ पानांचा हिशेब बापलेकांपैकी कोणालाच येत नव्हता.